जड ट्रेलरसाठी हिच कशी निवडायची? स्टिकरवरचा कुठला आकडा खरा धरायचा?

तिरका पाना (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे फक्त वाचतोय. आज धागा काढायची वेळ आली, कारण प्रश्न जिवाशी गाठ असलेला आहे.

माझ्याकडे डबल कॅब पिकअप आहे आणि दोन ॲक्सलचा उघडा ट्रेलर. ट्रेलरवर मिनी एक्सकॅव्हेटर न्यायचा असतो. मशीन १,८०० किलो, रिकामा ट्रेलर ७५० किलो. म्हणजे अडीच टनांच्या जरा वर, असा माझा हिशेब. पिकअपला मागे दोन इंची चौकोनी तोंडाचा रिसीव्हर (हिच बसवायची नळी) आहे आणि त्याच्या स्टिकरवर ठळक अक्षरात ४,५४० किलो लिहिलंय. मी म्हटलं, भरपूर झालं.

गेल्या आठवड्यात पहिल्यांदा मशीन चढवून निघालो. साठच्या वर वेग गेला की मागून कोणीतरी गाडी धरून डावीकडे-उजवीकडे ओढतंय असं वाटायला लागलं. वेग कमी केला की थांबायचं. कसाबसा चाळीसने घरी आलो.

विचारपूस केली तर एक जण म्हणाला हिच (गाडी-ट्रेलर जोडणारी जोडणी) बदला, वरच्या क्लासची घ्या. दुसरा म्हणाला बॉल (ट्रेलरची वाटी ज्यावर बसते तो लोखंडी गोळा) काढून सरळ पिंटल हुक (ट्रेलरची कडी अडकवायचा आकडा) लावा. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला ते म्हणाले काही होत नाही, सवय होईल. मला सवय करून घ्यायची नाहीये. नक्की कुठली हिच घेऊ?

---

मोजमाप

आधी गाडी उभी ठेवा आणि तीन गोष्टी बघून इथे लिहा. कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या दांडीच्या टोकाला जी वाटी आहे तिच्यावर, काय आकडा कोरलाय? बॉलच्या डोक्यावर काय कोरलंय? आणि रिसीव्हरच्या स्टिकरवर ४,५४० च्या वर किंवा खाली दुसरी ओळ आहे का?

तोवर काहीही विकत घेऊ नका.

---

तिरका पाना

आत्ता टॉर्च घेऊन बघून आलो.

कपलरवर २ ५/१६ इंच. बॉलवर २ इंच. स्टिकरवर खरंच दुसरी ओळ आहे, चिखलाखाली होती. त्यावर २,२७० किलो आणि शेजारी २२७ किलो. ठळक ओळीत ४,५४० आणि शेजारी ४५४. ठळक ओळीच्या सुरुवातीला स्प्रिंग बारसारखं काहीतरी चित्र आहे.

---

मोजमाप

तुम्ही चाळीसने घरी आलात ते फार बरं केलंत. दोन मोठे दोष एकदम सापडले.

पहिला बॉलचा. २ इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर आणि २ ५/१६ इंच म्हणजे ५८.७. वाटी बॉलपेक्षा जवळपास ८ मिलिमीटर मोठी आहे. खटका बंद होतो, पिनही बसते, त्यामुळे सगळं ठीक दिसतं. पण बॉलचा सगळ्यात फुगीर भाग ज्या कडेखाली अडकायला हवा तिथे तो अडकतच नाही. मोठा गचका बसला की वाटी वर उचलून बाहेर येते. हा बॉल आजच काढा, पुन्हा एक मीटरसुद्धा ओढू नका.

दुसरा स्टिकरचा. ते दोन आकडे म्हणजे हिच वापरायच्या दोन रीती. साधा बॉल लावून सगळा भार रिसीव्हरवर टाकायचा असेल तर ट्रेलर जास्तीत जास्त २,२७० किलो आणि त्याचं तोंड जास्तीत जास्त २२७ किलो. भार वाटणारी हिच, म्हणजे वेट डिस्ट्रिब्यूशनवाली स्प्रिंग बारची हिच लावली तरच ४,५४० आणि ४५४. तुमचा अडीच टनांचा हिशेब बरोबर धरला तरी साध्या बॉलची मर्यादा ओलांडलेलीच आहे.

बहुतेक जण 'किती ओढेल' एवढंच बघतात. हिच निवडताना 'मानेवर किती बसेल' हे आधी बघायचं. शेजारच्या लहान आकड्याकडे कोणी बघत नाही, आणि गाडी तोच आकडा बिघडवतो.

---

धुरकरी

मोजमाप यांच्याशी पूर्ण सहमत. यात आपल्याकडचे दोन जुने शब्द फार कामाचे आहेत. बैलगाडीत माल मागे जास्त झाला आणि जू वर उचलायला लागलं तर गाडी उलाळ झाली म्हणतात. पुढे जास्त झाला तर धुरजड. गाडीवान निघण्याआधी दांडी हातात तोलून बघतो आणि चार पोती पुढे-मागे करतो. तुमचा ट्रेलर उलाळ आहे असं माझं ठाम मत आहे. साठच्या वर शेपूट हलणं हे त्याचंच लक्षण.

साधारण नियम असा: बॉलवरच्या ट्रेलरला एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार तोंडावर हवा. यालाच टंग वेट म्हणतात. त्याहून कमी झाला की ट्रेलर झुलायला लागतो, आणि वेग वाढला की झुला वाढत जातो. जास्त झाला की ओढणाऱ्या गाडीचं बूड बसतं आणि नाक वर होतं.

एक विचारतो, मशीन कसं चढवलं होतं? तोंड पुढे की मागे?

---

तिरका पाना

मशीन उलटं, म्हणजे काउंटरवेट मागे आणि बूम पुढे दुमडलेली. रॅम्पवरून चढलो आणि चढल्या चढल्या थांबवलं, पुढे दीडेक फूट जागा रिकामीच होती. पुढे घेतलं तर बकेट पिकअपच्या फाळक्याला लागेल अशी भीती वाटली.

'उलाळ' शब्द किती वर्षांनी वाचला! आजोबा म्हणायचे.

टंग वेट घरी मोजता येतं का? वजनकाट्यावर नेण्यासाठी तर ट्रेलर ओढावाच लागेल.

---

धुरकरी

येतं. घरातला माणसांचा वजनकाटा पुरतो, तो १५० किलोपर्यंतच जात असला तरी.

ट्रेलर सपाट जागी, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, गाडी सोडवलेली. एक जाड फळी घ्या. तिचं एक टोक विटांवर आणि दुसरं काट्यावर टेका, पण मध्ये दोन्हीकडे पाइपचा एकेक तुकडा आडवा ठेवा, म्हणजे टेकू नेमक्या एका रेषेत पडतो. दोन पाइपांमधलं अंतर बरोबर ९० सेंटिमीटर. फळी ठेवून झाल्यावर काटा शून्यावर आणा. आता विटांकडच्या पाइपपासून ३० सेंटिमीटरवर फळीवर खूण करा आणि कपलरखाली लाकडी खांबुला देऊन ट्रेलरचं तोंड त्या खुणेवर टेकवा. ट्रेलर आडवा सपाट राहील एवढीच उंची ठेवा, कारण तोंड वर-खाली झालं की आकडा बदलतो. काटा जे दाखवेल त्याची तिप्पट म्हणजे टंग वेट.

भार हळूहळू सोडा, जॅकने. आणि दांडीखाली पाय घालू नका.

---

लोखंडी हात

मी वेल्डिंग आणि चेसिसची कामं करतो म्हणून वेगळं मत मांडतो. एवढं मशीन कायम न्यायचं असेल तर बॉलच्या खटपटीत न पडता गूसनेक करा. बॉल पिकअपच्या हौद्यात, मागच्या ॲक्सलच्या थोडा पुढे बसतो. ट्रेलरची मान वरून वाकून त्यावर येते. भार ॲक्सलवरच पडतो, त्यामुळे नाक उचलत नाही, झुलणं जवळजवळ नाहीसं होतं आणि वळताना काटकोनाच्या आसपास जाता येतं. जे जड ओढतात ते याच्यावर किंवा फिफ्थ व्हीलवर (हौद्यातल्या तबकडीवर ट्रेलर टेकणारी जोडणी) येऊन थांबतात.

पिंटल हुक कोणी सुचवला ते कळत नाही. कडी आणि आकडा यांच्यात मुद्दाम ढिलाई ठेवलेली असते, खडबडीत जमिनीवर ट्रेलर वर-खाली, आडवा-तिडवा झाला तरी पिरगळत नाही. टिपर आणि लष्करी गाड्यांना ते योग्य. पण सपाट रस्त्यावर प्रत्येक ब्रेकला धाडकन आदळतं, आणि झुलण्यावर तो उपाय नाहीच.

---

मोजमाप

लोखंडी हात, गूसनेकचे गुण तुम्ही लिहिलेत ते सगळे खरे आहेत. पण त्यांचा ट्रेलर सरळ दांडीचा आहे, मान बदलायची म्हणजे ट्रेलरची पुढची चौकट नव्याने करायची. शिवाय गूसनेकला तोंडावर १५ ते २५ टक्के भार लागतो. पावणेतीन टन धरले आणि २० टक्के घेतले तरी साडेपाचशे किलो हौद्यात. तो सगळा पिकअपच्या वाहून नेण्याच्या क्षमतेतून वजा होतो, त्यातच माणसं, हत्यारं, डिझेलचे कॅन. डबल कॅबमध्ये चार माणसं बसली की उरतं काय?

तिरका पाना, दरवाजाच्या खांबावरच्या पाटीवर गाडीची क्षमता काय दिलीय? मागच्या ॲक्सलची मर्यादा वेगळी दिलेली असते, तीही लिहा.

---

तिरका पाना

क्षमता ९०० किलो. मागचा ॲक्सल १,८०० किलो. आम्ही दोघेच असतो, साधारण १६० किलो, आणि हौद्यात हत्यारांची पेटी वगैरे १२० किलो.

फळी, विटा, काटा सगळं झालं. काट्यावर ५८ किलो आलं. म्हणजे १७४.

---

धुरकरी

अडीच टनांच्या सात टक्क्यांच्या आसपास. आणि तुमचे अडीच टन खरे आहेत असं मला वाटत नाही. बकेट किती आहेत? रॅम्प, साखळ्या, कॅन, फळ्या धरल्यात का?

---

तिरका पाना

नव्हत्या धरल्या. तीन बकेट, दोन रॅम्प, साखळ्या, डिझेल. शेजारच्या वजनकाटावाल्यांनी त्यांच्या ट्रॅक्टरने ट्रेलर काट्यावर नेऊ दिला. त्यांच्याकडे योग्य मापाचा बॉल होता. पूर्ण सोडवून एकटा ट्रेलर उभा केला: २,८०० किलो.

म्हणजे तोंडावर ६.२ टक्के. उलाळच.

---

सागरी वारं

मी बोटीचा ट्रेलर ओढते, युरोपीय पद्धतीचा. नवीन वाचकांचा गोंधळ होऊ नये म्हणून लिहिते. युरोपीय ट्रेलरला तोंडावर ४ ते ७ टक्के भार चालतो, कारण त्यांची दांडी, ॲक्सलची जागा आणि वेगमर्यादा त्या हिशेबाने ठरलेली असते. गाड्यांच्या टोबारवर (गाडीमागच्या ओढायच्या दांड्यावर) तोंडाचा भार बहुधा ७५ ते १०० किलोच लिहिलेला असतो, मोठ्या गाड्यांना जास्त. तिथला बॉल ५० मिलिमीटरचा. टोबारच्या पाटीवर दोन अक्षरं असतात: एस म्हणजे तोंडाचा उभा भार किलोत, आणि डी म्हणजे आडव्या ओढीची ताकद किलोन्यूटनमध्ये. डी काढायचा सोपा हिशेब: गाडीचं कमाल वजन गुणिले ट्रेलरचं कमाल वजन, भागिले दोघांची बेरीज, गुणिले ९.८१, वजनं टनांत. ३ टनांची गाडी आणि २.८ टनांचा ट्रेलर असेल तर १४.२ येतो. टोबार, बॉल आणि कपलर, तिघांवरचा डी याहून जास्त हवा.

पण एका पद्धतीचा ट्रेलर घेऊन दुसऱ्या पद्धतीचे टक्के लावू नका. तुमचा ट्रेलर १० ते १५ वाल्या घराण्यातला आहे.

आणखी एक. बॉल झिजतो. ५० मिलिमीटरचा बॉल कुठेही ४९ च्या खाली गेला की बाद. मी दर वर्षी व्हर्नियरने दोन दिशांनी मोजते.

---

मोजमाप

सागरी वारं, फार उपयोगी. धन्यवाद.

तिरका पाना, आता मशीन किती पुढे घ्यायचं तेही काढता येतं. कपलरपासून दोन ॲक्सलच्या मध्यापर्यंत किती अंतर आहे?

---

तिरका पाना

टेपने ३.६ मीटर.

---

मोजमाप

१,८०० किलोचं मशीन ३० सेंटिमीटर पुढे सरकवलं तर तोंडावर १,८०० गुणिले ०.३ भागिले ३.६, म्हणजे १५० किलो वाढतील. १७४ अधिक १५०, ३२४ किलो. २,८०० च्या ११.६ टक्के. १० ते १५ च्या आत पडतं. दीड फूट जागा आहे म्हणालात, तर एक फूट पुढे घ्यायला अडचण नसावी. बकेट ट्रेलरच्या तळाला टेकवून बूम आडवी बांधा, फाळक्याला लागणार नाही. वळताना अंतर किती राहतं तेही एकदा पूर्ण वळवून बघा.

पण एवढ्यावर थांबता येणार नाही. तोंड बरोबर झालं की गाडीचा प्रश्न सुरू होतो. तुमचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, किती आणि बॉल मागच्या ॲक्सलपासून किती मागे आहे?

---

तिरका पाना

व्हीलबेस ३.२ मीटर. बॉल ॲक्सलच्या १.२५ मीटर मागे.

मशीन ३० सेंमी पुढे घेतलं. काट्यावर १०७ आणि १०८ च्या मध्ये. तुमचा हिशेब आणि काटा इतके जुळले की मी दोनदा मोजलं!

---

मोजमाप

आता तरफ बघा. बॉलवर ३२४ किलो बसले की मागचा ॲक्सल टेकू होतो आणि पुढचा ॲक्सल उचलला जातो. ३२४ गुणिले १.२५ भागिले ३.२, म्हणजे पुढच्या चाकांवरून सुमारे १२७ किलो उतरतात. मागच्या ॲक्सलवर ३२४ नाही, ४५१ किलो चढतात. जी चाकं वळतात आणि ब्रेकचं बहुतेक काम करतात त्यांच्यावरचं वजन जातं. पावसात उतारावर हे १२७ किलो फार महाग पडतात.

यासाठीच भार वाटणारी हिच. हिचच्या डोक्याला दोन स्प्रिंग बार अडकवतात. बारची मागची टोकं ट्रेलरच्या दांडीवर साखळीने किंवा ब्रॅकेटने वर खेचून बांधतात. हातगाडीचे दांडे मागे धरून वर उचलले की पुढचं चाक जसं जमिनीत रुततं, तसंच इथे होतं: बार वाकतात आणि मागच्या ॲक्सलवरचा थोडा भार पुढच्या ॲक्सलकडे जातो, थोडा ट्रेलरच्या ॲक्सलकडे.

---

रात्रपाळी

मधेच विचारतो. मागे एअरबॅग, म्हणजे स्प्रिंगला मदत करणाऱ्या हवेच्या पिशव्या, टाकल्या तर हेच होत नाही का? माझ्या गाडीला आहेत, बूड अजिबात बसत नाही.

---

मोजमाप

नाही. एअरबॅग बूड वर उचलते, पण भार ज्या ॲक्सलवर होता तिथेच राहतो. पुढच्या चाकांवरून गेलेले किलो परत येत नाहीत. गाडी सपाट दिसते म्हणून उलट धोका लपतो. वजनकाट्यावर पुढची चाकं एकटी चढवून ट्रेलरसकट आणि ट्रेलरशिवाय मोजा, फरक लगेच दिसेल.

---

रात्रपाळी

या आठवड्यात मोजतो. मी चार वर्षं उलटं समजत होतो.

---

घाटमाथा

माझ्यावर आलेला प्रसंग लिहितो, कारण धाग्यात अजून साखळ्यांचं कोणी बोललेलं नाही.

संध्याकाळची वेळ, अंधार पडत होता. सहकाऱ्याने ट्रेलर जोडला, खटका खाली पाडला, पिन घातली, 'झालं' म्हणाला. मी वाकून बघितलं नाही. प्रत्यक्षात वाटी बॉलवर पूर्ण उतरली नव्हती. आतली जीभ बॉलच्या खाली जायच्या ऐवजी बॉलच्या अंगावर चेपून बसली होती. खटका बंद दिसत होता. पहिल्याच गतिरोधकावर मागे ठाणकन आवाज आला आणि आरशात ट्रेलरचं नाक खाली गेलेलं दिसलं.

वाचलो ते साखळ्यांमुळे. दोन्ही साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या आडव्या टाकलेल्या होत्या. तोंड सुटून खाली आलं ते त्या फुलीच्या झोळीत पडलं, रस्त्यावर रुतलं नाही. सरळ लावल्या असत्या तर दांडी जमिनीत घुसून ट्रेलर उलटला असता. ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी तार होती, ती ओढली गेली आणि ट्रेलरचे ब्रेक लागले. आम्ही हळूच बाजूला घेतलं. मागे कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून एक गोष्ट कधी चुकवत नाही. खटका बंद करून पिन घातली की ट्रेलरचा जॅक पुन्हा खाली करून दांडी वर उचलायची. गाडीचं बूड ट्रेलरबरोबर वर यायला लागलं तरच बॉल आत बसलेला आहे. दोन-तीन इंच वर आलं की पुरे. वाटी एकटीच वर निघाली तर पुन्हा जोडायचं. एक मिनिट लागतं.

आणि ती ब्रेकची तार साखळीला अडकवू नका, बॉल माउंटलाही (रिसीव्हरमध्ये घालायच्या, बॉल धरणाऱ्या दांड्याला) नाही. रिसीव्हरच निसटला तर तारही त्याच्याबरोबर जाईल. गाडीच्या चौकटीला पक्की जागा बघून अडकवा.

---

लोखंडी हात

घाटमाथा, वाचून अंगावर काटा आला. सगळे सुखरूप राहिलात हेच मोठं.

साखळीबद्दल एक जोडतो: एकेका साखळीची ताकद ट्रेलरच्या एकूण वजनाला पुरेल अशी हवी आणि तिच्या हुकांना सुटू न देणारी जीभ हवी. लांबी एवढी की पूर्ण वळताना ताणणार नाही आणि जमिनीला घासणार नाही. घासली की कड्या एका बाजूने पातळ होतात, वरून दिसतही नाही.

गूसनेकचा माझा आग्रह मागे घेतो. या ट्रेलरला स्प्रिंग बारच बरोबर.

---

तिरका पाना

घाटमाथा, तुमचा प्रतिसाद वाचून मी काल रात्री झोपलो नाही. माझ्या चुकीच्या बॉलवर मी सतरा किलोमीटर गेलो होतो, आणि साखळ्या सरळ लावलेल्या होत्या.

आता खरेदीचे प्रश्न. स्प्रिंग बार वेगवेगळ्या क्षमतेचे दिसतात, ३६३ किलोचे आणि ४५४ किलोचे. टंग वेट ३२४ आहे, मग ३६३ चे पुरतील ना? ट्रेलरला दोन्ही ॲक्सलवर इलेक्ट्रिक ब्रेक आहेत. आणि 'वरच्या क्लासची घ्या' याचं काय करू?

---

मोजमाप

हत्यारांची पेटी हौद्यात अगदी मागे, ॲक्सलच्या पलीकडे असते का? असेल तर ती टंग वेटमध्ये धरायची, कारण बारला तोही भार उचलावा लागतो. समजा ६० किलो मागे पडतात, तर ३८४ होतात. ३६३ अपुरे. ४५४ चे घ्या, तुमच्या स्टिकरची मर्यादाही तीच आहे. त्याहून कडक घेऊ नका, उगाच ट्रेलरच्या दांडीला आणि गाडीच्या चौकटीला दणके बसतात.

वरचा क्लास घेऊन काही साधत नाही. अमेरिकी पद्धतीत तिसरा, चौथा, पाचवा असे क्लास रिसीव्हरच्या ताकदीचे आहेत. दहा टनांचा रिसीव्हर लावला म्हणून पिकअप दहा टनांची होत नाही. गाडी, रिसीव्हर, बॉल माउंट, बॉल, कपलर, साखळ्या, टायर, या सगळ्यांतला सर्वांत लहान आकडा धरायचा. तुमचा रिसीव्हर पुरेसा आहे, गाडीच्या पुस्तिकेत तुमच्या मॉडेलला या हिचची परवानगी आहे का तेवढं बघा. काही गाड्यांना उत्पादक नाही म्हणतात, तिथे वाद घालू नये.

मधला लांबवणारा तुकडा, एक्स्टेन्शन, घेऊ नका. फाळका उघडायला सोयीचा म्हणून लोक घेतात. बॉल जितका मागे तितकी तरफ लांब, म्हणून बहुतेक उत्पादक क्षमता निम्म्यावर आणायला सांगतात.

इलेक्ट्रिक ब्रेक आहेत ते बरं. ट्रेलर धक्क्याने स्वतःच ब्रेक लावणाऱ्या कपलरचा असता तर बार चालतात की नाही हे कपलरच्या उत्पादकाला विचारावं लागलं असतं.

---

सागरी वारं

ब्रेक कंट्रोलर (गाडीतून ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक चालवणारं यंत्र) घेताना गाडीच्या वेग कमी होण्याच्या प्रमाणात ब्रेक देणारा घ्या, ठराविक वेळाने ठराविक जोर देणारा नको. सेट करायची रीत: कोरडा, सपाट, मोकळा रस्ता, ताशी ४०, फक्त कंट्रोलरवरच्या हाताने दाबायच्या पट्टीने ट्रेलरचे ब्रेक दाबा. चाकं लॉक व्हायच्या बेतात आली की जोर थोडा कमी करून तिथेच ठेवा. ओझं बदललं की पुन्हा.

आणि झुलायला लागलाच तर गाडीचा ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंगने झुल्याशी खेळू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, हाताच्या पट्टीने एकट्या ट्रेलरला ब्रेक द्या. तो मागून ओढला जातो आणि सरळ होतो.

---

तिरका पाना

दहा दिवसांनी आलो. सगळं सविस्तर लिहितो, पुढे कोणाला उपयोग होईल.

गाडीच्या पुस्तिकेत परवानगी होती. ४५४ किलोची हिच, २ ५/१६ इंची बॉल, एक इंची दांड्याचा. नट आवळायला टॉर्क पाना मागून आणला. सूचनापत्रात ३३९ न्यूटन-मीटर दिलं होतं. नुसत्या हाताने मी आधी जेवढं आवळलं होतं त्याच्यावर पाऊण फेरा आणखी गेला! एवढा सैल बॉल घेऊन निघालो असतो.

ट्रेलर सपाट दिसतो का ते आधी पाहिलं. रिसीव्हरची उंची आणि कपलरची उंची जमिनीपासून मोजली आणि हिचचं डोकं दोन भोकं खाली घेतलं. ट्रेलरचं नाक किंचित खाली आहे, वर नाही.

मग मडगार्डची उंची. पुढच्या चाकाच्या मध्यातून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत, जमिनीपासून, चिकटपट्टीवर खूण करून. एकटी गाडी ८९० मिलिमीटर. ट्रेलर जोडून, बार न लावता ९१८. म्हणजे नाक २८ वर गेलं. हेच ते १२७ किलो, डोळ्यांनी दिसले. बार लावले, साखळीची पाचवी कडी धरून, तर ९११. सहावी धरली तर ९०३. पुस्तिकेत निम्म्याहून जास्त परत आणा, पण ८९० च्या खाली अजिबात नेऊ नका असं लिहिलंय.

काट्यावरही नेलं. मागचा ॲक्सल १,८०० च्या आत आहे.

---

मोजमाप

९०३ उत्तम. सातवी कडी धरायचा मोह करू नका. फार आवळलं की मागच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर मागचं बूड सरकतं.

---

तिरका पाना

काल मशीन नेलं. ताशी ७० पर्यंत गेलो, त्यापुढे मुद्दाम नेली नाही. एक मोठा ट्रक शेजारून गेला तेव्हा वाऱ्याचा धक्का लागला, ट्रेलर एकदा हलला आणि सरळ झाला. पुन्हा हलला नाही. ब्रेकला नाक खाली झुकतं, पूर्वीसारखं मागून ढकलल्यासारखं होत नाही.

एकच शंका राहिली. उलट घेताना बारमधून कर्रर्र आवाज येतो. चालेल का?

---

धुरकरी

सरळ जाताना, वळताना थोडा कुरकुर आवाज येतोच, लोखंड लोखंडावर घासतं. उत्पादकाने सांगितलं असेल तिथेच ग्रीस लावा. बॉलवर पातळ थर चालतो. पण कपलरमध्ये घासून झुलणं रोखणारी घर्षणपट्टी असेल, तर त्या बॉलवर ग्रीसचा थेंबही नको.

उलट घेताना काटकोनात वळवायचं असेल, किंवा खड्ड्यातून वर चढायचं असेल, तर बार सोडून घ्या. बार ताणलेल्या अवस्थेत असतात, म्हणून आधी जॅकने दांडी उचलून ताण काढा आणि मगच लांब दांड्याने कडी सोडा. आपला चेहरा बाजूला ठेवा, दांडा हातातून सुटला तर जबड्यावर बसतो.

---

घाटमाथा

आणि बॉलचा नट, डोक्याचे बोल्ट, पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा बघा. रंगाचा थर दबतो आणि नट सैल होतो.

---

तिरका पाना

बघितलं. बॉलचा नट जागेवर. डोक्याचा खालचा बोल्ट जवळजवळ पाव फेरा गेला. आवळून रंगाची खूण केली, आता सैल झाला तर लांबूनच दिसेल.